लिफ्ट किटची किंमत म्हणजे अख्ख्या कामाची किंमत नव्हे

प्रश्न: माझी एसयूव्ही सात वर्षांची आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सरळ एक्सल आणि कॉइल स्प्रिंग. टायर कंपनीच्याच मापाचे, २६५/७० आर १७, अजून सहा-आठ महिने सहज चालतील. रोजचा वापर ऑफिस आणि मुलांची शाळा, पण महिन्यातून एकदोनदा आम्ही डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जातो आणि तिथे गाडी खालून घासते. गाडी तीन इंच उंच करणारं लिफ्ट किट आणि २८५/७० आर १७ मापाचे चार टायर येतील एवढे पैसे मी साठवले आहेत. मेकॅनिक म्हणतो, आत्ता स्वस्तातले स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, टाकून मोठे टायर बसवू, बाकीचं नंतर बघू. मित्र म्हणतो, कमी पडले तर कार्डावर हप्ते करून घे. बायको विचारते, गाडी एवढी उंच केली तर आई चढणार कशी? पैशांचं गणित कसं बसवू आणि आधी काय करू? बायकोला कसं पटवू?

उत्तर: तुम्ही हिशेब मांडलाय तो दोन वस्तूंचा, किट आणि टायर. काम मात्र स्टिअरिंग, ब्रेक, एक्सल आणि मायलेज या सगळ्यांना एकदम हात घालणारं आहे, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथे दडलेला असतो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगणं भाग आहे: स्पेसर टाकून मोठे टायर बसवायचा बेत सोडून द्या आणि कार्डावरच्या हप्त्यांचा विचारही करू नका. हौस मात्र सोडू नका. ती रास्त आहे, आणि तुमच्याकडे टायरची सहा-आठ महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीतच तुमचं काम होऊ शकतं.

आधी एक बिनखर्चाची गोष्ट करा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, टॉर्च घ्या आणि गाडीशेजारी आडवे होऊन तिचं पोट नीट बघा. जॅक लावायची गरज नाही, अंग खाली घालायचीही नाही. एवढ्या फेऱ्यांमध्ये दगडांनी जिथे जिथे खरवडलंय तिथे रंग गेलेला दिसेल, ताजा ओरखडा असेल तर लोखंड चकाकत असेल. हे ओरखडे साधारण तीन ठिकाणी सापडतात. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला आणि इंजिनाखालच्या पत्र्यावर; मधे, दारांखालच्या पट्टीला आणि गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीला; आणि मागे, एक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) गोल पोटाला.

पहिल्या दोन ठिकाणी खुणा असतील तर लिफ्टचा फायदा तुम्हाला पुरेपूर मिळेल, कारण बॉडी आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वर जाते. पण खुणा मुख्यतः मागच्या डिफरन्शियलवर असतील तर तीन इंच काय, सहा इंचांची लिफ्टही तुमच्या कामाची नाही. सरळ एक्सल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अखंड दांडा, स्प्रिंगच्या खाली असतो. स्प्रिंग लांब केली की वरची गाडी उचलली जाते, एक्सल जागचा हलत नाही. त्याला जमिनीपासून दूर नेणारी गोष्ट एकच, ती म्हणजे टायर.

आता टायर किती दूर नेतो तेही बघू. तुमच्या टायरची रुंदी २६५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे १८५.५ मिमी. वर आणि खाली अशा दोन भिंती मिळून ३७१, त्यात १७ इंचांच्या रिमचे ४३१.८ मिळवले की टायरचा व्यास सुमारे ८०३ मिमी. तोच हिशेब २८५/७० चा केला तर ८३१ मिमी. फरक २८ मिमी, आणि एक्सल त्याच्या निम्म्यानेच वर जाणार, म्हणजे १४ मिमी. दीड सेंटिमीटरही नाही. एवढ्यासाठी स्टेपनीसकट पाच टायरांचे पैसे मोजायचे का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. डिफरन्शियल घासणं हीच मुख्य तक्रार असेल तर चाक उंच दगडावरून आणि डिफरन्शियल दोन दगडांमधल्या खळग्यावरून नेण्याचा सराव आणि खाली संरक्षक प्लेट, एवढ्यावर भागेल. जोडीला एक चांगला एअर कंप्रेसर घ्या. कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी केली की पकड वाढते आणि दणके कमी बसतात. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची. हवा कमी केल्यावर गाडी किंचित खाली बसते, हे तेवढं लक्षात असू द्या.

समजा खुणा पुढे आणि मधे आहेत. मग लिफ्टला अर्थ आहे. तेव्हाही विचार टायरपासून सुरू करायचा आणि खरेदी लिफ्टपासून. कोणत्या मापाचा टायर हवा ते कागदावर नक्की करा, तो बसायला कमीत कमी किती लिफ्ट लागते ते बघा, आणि तेवढीच घ्या. २८५/७० साठी बऱ्याच गाड्यांना दोन इंच पुरतात. तुमच्या नेमक्या मॉडेलवर हे माप कुणी बसवलंय आणि कुठे घासतं हे विचारून घ्या. तीन इंचांचा मोह टाळायला सांगण्याचं कारण तुमच्या गाडीच्या पुढच्या रचनेत आहे. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडी उचलली की डिफरन्शियल चासीबरोबर वर जातं आणि चाक खालीच राहतं. दोघांना जोडणारा शाफ्ट तिरका होतो. दोन-अडीच इंचांपर्यंत शाफ्टच्या टोकांचे सीव्ही जॉइंट, म्हणजे तिरके असतानाही फिरणारे सांधे, हा तिरकेपणा सहन करतात. त्यापलीकडे त्यांच्यावरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासायला लागतात आणि एक दिवस बूट फाटतो. ते ओळखायची खूण सांगून ठेवतो: चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि शेजारच्या शॉकॲब्सॉर्बरवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे कमानीसारखे उडालेले दिसतात. तीन इंचांच्या किटमध्ये म्हणूनच डिफरन्शियल खाली घेण्याचे ब्रॅकेट लागू शकतात. म्हणजे आणखी भाग आणि आणखी मजुरी. शेवटचा एक इंच सगळ्यात महाग पडतो.

लिफ्टबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तोही दूर करतो. लोकांना वाटतं की गाडी उचलली की मोठा टायर मडगार्डला लागणार नाही. गाडी उभी असताना लागत नाही, हे खरं. पण खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबते तेव्हा चाक पूर्वी जिथपर्यंत वर यायचं तिथपर्यंतच येतं, कारण त्याला अडवणारा बंप स्टॉप जागचा हललेला नसतो. टायर मात्र आता मोठा असतो. म्हणून बंप स्टॉप लांब करणं किंवा आतलं प्लॅस्टिकचं अस्तर थोडं कापणं, यातलं काहीतरी करावं लागतं. खर्च किरकोळ आहे, पण अंदाजपत्रकात तो लिहिलेला हवा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर मागच्या कोपऱ्याला लागतो का, हा वेगळा प्रश्न. तो रिमवर बराच अवलंबून असतो. चाकं बाहेर काढणाऱ्या रुंद रिम दिसायला छान, पण त्यांनी टायरचा फेरा मोठा होतो, घासणं वाढतं आणि व्हील बेअरिंगवर जास्त भार येतो. तुमच्या रिमची रुंदी साडेसात इंच किंवा त्याहून जास्त असेल तर २८५/७० त्यावर बसतो. रिम आहेत त्याच ठेवा आणि तेवढे पैसे वाचवा.

वाचलेले पैसे घालायची जागा म्हणजे पुढचे वरचे कंट्रोल आर्म, चाकाला चासीशी जोडणारे दांडे. माझ्या मते तुमच्या यादीत नसलेली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. गाडी उचलल्यावर पुढच्या चाकाचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष वरून मागे कललेला असतो तो कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्याच्यामुळे. तो कमी झाला की मोठ्या रस्त्यावर गाडी भटकल्यासारखी वाटते, सतत हात लावून ठेवावा लागतो. मूळ आर्मच्या बॉल जॉइंटलाही हालचालीला जागा कमी उरते. लिफ्टसाठी बनवलेले आर्म या दोन्ही गोष्टी दुरुस्त करतात. मुलांना घेऊन रोज रस्त्यावर असणाऱ्या गाडीत यावर हात आखडता घेऊ नका. मागच्या बाजूला पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर लिफ्टनंतर एक्सल किंचित एका बाजूला सरकतो, त्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड लागू शकतो. ब्रेकचे रबरी होज, एबीएसची वायर आणि एक्सलची श्वासनळी (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) चाक पूर्ण खाली लोंबलं तरी ताणली जाता कामा नये.

मेकॅनिकचा स्पेसरचा सल्ला मला का पटत नाही, ते यावरून लक्षात येईल. स्पेसर म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर बसवलेली जाड चकती. शॉकॲब्सॉर्बर तोच, सात वर्षं चाललेला. त्याची धाव वाढत नाही, तो फक्त खाली ढकलला जातो. स्ट्रट चाकापासून आत बसलेला असल्यामुळे एक इंचाची चकती गाडीला एक इंचाहून जास्त उचलते, आणि चाक लोंबतं तेव्हा बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर जातात. वर जड टायर. पुढे खरं किट घ्याल तेव्हा चकत्या फेकून द्यायच्या, मजुरी दुसऱ्यांदा द्यायची आणि वाकड्या अलाइनमेंटने, म्हणजे चाकांचे कोन बिघडल्याने, खाल्लेले नवे टायर बदलायचे. मेकॅनिकचा हेतू चांगला असेल, पण यात तुमचे पैसे दोनदा जातात.

आता पैशांकडे येऊ. कोणत्याही बाजारात लागू पडेल असा अंदाज हवा म्हणून एकूण रकमेचे दहा भाग करा. साधारण चार भाग स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि वरचे आर्म मिळून. तीन भाग पाच टायर, बॅलन्सिंगसकट. एक भाग मजुरी आणि दोन वेळचं अलाइनमेंट. आणि दोन भाग राखीव. तुमच्याकडे आहेत ते किट आणि चार टायरांचे, म्हणजे या दहापैकी सहाच्या आसपास. उरलेले चार भाग सहा-आठ महिन्यांत साठवता आले तर उत्तम. नाही आले तर काम थोडं पुढे जाईल, बिघडणार काही नाही. कर्ज काढून हे करू नका, कारण गाडी विकताना यातला पैसा क्वचितच परत मिळतो. उलट काही गिऱ्हाइकं बदल केलेली गाडी टाळतात. म्हणून काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका. पुसून, तेल लावून ठेवा.

राखीव दोन भाग जास्त वाटतील, पण सात वर्षांच्या गाडीला ते लागतात. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट, ज्यांनी अलाइनमेंट करतात, ते रबरी बुशच्या आतल्या नळीत गंजून बऱ्याचदा एकजीव झालेले असतात. पाना लावला की बोल्ट फिरण्याऐवजी रबर पिळवटतं. मग बोल्ट कापायचा, बुश नवे घालायचे, कधी अख्खा आर्म बदलायचा. गाडी अर्धी उघडून ठेवलेली असताना या कामाला नाही म्हणता येत नाही. झिजलेले टाय रॉड एंड आणि स्टॅबिलायझर लिंकही तेव्हाच उघडकीला येतात.

टायर पाच का, हेही सांगतो. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि पंक्चर झालं तर गाडीवर तीन मोठे आणि एक लहान चाक येतं. दोन्ही बाजूंची चाकं वेगळ्या वेगाने फिरतात, डिफरन्शियलला सतत काम पडतं, आणि फोर बाय फोर लावायची वेळ आली तर तो ताण आणखी वाढतो. मोठी स्टेपनी तिच्या जागेत मावते का तेही मोजून घ्या. टायर निवडताना भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको: ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. ट्रकसाठीचे जाड भिंतीचे टायर मजबूत असतात, पण जड असतात, आणि तेवढाच भार उचलायला त्यांना हवा जास्त लागते. तुमचा बहुतेक वापर डांबरी रस्त्यावर आहे. ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्या, मड टेरेन (चिखलासाठीचे) नको. त्यांचा आवाज, ओल्या डांबरावरची पकड आणि झीज तुम्हाला रोज सोसावी लागेल. भिंतीवरच्या चार आकड्यांवरून टायर कधी बनला ते कळतं, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सवलतीत जुना माल गळ्यात पडू देऊ नका.

तुमच्या सहा-आठ महिन्यांचा फायदा इथे आहे. पैसे जमले की आधी लिफ्ट बसवा, जुन्या टायरांवर. पहिल्या काही आठवड्यांत नव्या स्प्रिंग थोड्या बसतात आणि अलाइनमेंट जराशी हलते. त्या काळातली वेडीवाकडी झीज जुन्या टायरांनी सोसलेली बरी. हजारेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळून घ्या, अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा, आणि मगच नवे टायर चढवा. जुने टायर मात्र खाचेतल्या झिजेच्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिमीपर्यंत ताणू नका. पावसात ३ मिमीच्या खाली पकड जाणवण्याइतकी कमी होते. उलटा क्रम केलात, टायर आधी घेतलेत, तर ते बसणार नाहीत आणि घरात पडून जुने होतील.

नंतरचे खर्चही धरा. २८५/७० ने स्पीडोमीटर साडेतीन टक्क्यांनी मागे पडतो. काटा आधी अचूक असेल, तर तो १०० दाखवतो तेव्हा खरा वेग १०३ च्या पुढे असतो. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं आणि सर्व्हिस उशिरा होते. खरं मायलेजही थोडं घटेलच. एवढ्या फरकाला डिफरन्शियलचा रेशो बदलावा लागत नाही. ३५ इंचांचे टायर घ्यायचे असते तर तो मोठा खर्च आला असता, कारण फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिफरन्शियलच्या आतले गिअर, म्हणजे क्राउन-पिनियन, बदलावे लागतात. तो मोह झाला तर हे आठवा. जड टायरांनी ब्रेकचं अंतर वाढतं, गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी जास्त कलते. समोरच्या गाडीशी अंतर आणि वळणावरचा वेग, दोन्ही सवयी बदलाव्या लागतील. हेडलाइट खाली वळवून घ्या. गाडीत पुढचा कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागेल, त्याचे पैसे आधी विचारा.

काम ठरवण्याआधी दोन ठिकाणी लेखी विचारा: वाहन नोंदणीच्या नियमांत किती बदल चालतो, आणि विमा कंपनीला हा बदल कळवल्यावर विमा लागू राहतो का. विमा कंपनीचं उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे देऊ नका.

वर्कशॉप निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: कंट्रोल आर्मचे बुश बोल्ट तुम्ही कधी आवळता? गाडी वर्कशॉपच्या उचलयंत्रावर लटकलेली असतानाच कुणी ते गच्च आवळत असेल तर चाकं जमिनीला लागल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच शेवटचं आवळायचं, हे ज्याला न विचारता माहीत आहे त्याच्याकडे गाडी द्या, चार पैसे जास्त गेले तरी. स्प्रिंगही गाडीच्या खऱ्या वजनाप्रमाणे निवडा. लोखंडी बंपर आणि विंच लावलेल्या गाडीसाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीला दगडासारखी कडक लागते.

राहिला घरातला प्रश्न. पत्नीला पटवायचं मनात आणू नका, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न या अंदाजपत्रकाचाच भाग आहे. तीन इंच लिफ्ट आणि मोठे टायर मिळून दाराची पायरी ९ सेंटिमीटरने वर जाते; दोन इंचांत साडेसहा. आकड्यावर वाद घालण्यापेक्षा करून बघा. आई ज्या बाजूने चढतात त्या बाजूची दोन्ही चाकं तेवढ्या जाडीच्या रुंद, भक्कम फळ्यांवर चढवा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांच्या पुढेमागे दगड लावा, आणि आईंना शांतपणे चढू-उतरू द्या. उतरताना त्यांचा पाय जमिनीला टेकेपर्यंत हात कुठे धरतात ते बघा. पायदान आणि दाराजवळचं हँडल लागणार असेल तर ते राखीव रकमेतून नव्हे, पहिल्या यादीत येऊ दे. दोन इंचांवरही आईंना त्रास होत असेल, तर लिफ्ट थांबवा आणि पोटाखाली संरक्षक प्लेट लावून घ्या. मग २६५/७० मध्येच चांगले ऑल टेरेन टायर घेऊन तुमच्या बऱ्याचशा वाटा होतील.

आणि सगळं झाल्यावर घराच्या दारात एकदा स्वतः चाक बदलून बघा. कंपनीचा जॅक उंच झालेल्या गाडीला बऱ्याचदा पुरत नाही. उंच जॅक आणि त्याखाली ठेवायला एक जाड फळी, या दोन वस्तू मागच्या डिकीत असू द्या.